सागाच्या मुलखात काष्ठमुद्रा

भेंडी आडवी कापून तिचे ठसे चित्रकलेच्या वहीत उमटवले नाहीत, असा मराठी माणूस विरळाच. बटाट्याचे दोन भाग करून त्यावर फूल कोरायचे, ते रंगात बुडवायचे आणि वहीचे पान भरून टाकायचे, हाही चौथी-पाचवीच्या वयातला ठरलेला उद्योग. पुढे शाळा सुटते आणि त्याबरोबर ठसेकामही सुटते. वास्तविक त्या बटाट्यात छापकलेचे मूळ सूत्र पुरते सामावलेले असते. जो भाग उंच राहिला त्याला शाई लागते, जो कोरून काढला तो कोरा राहतो आणि कागदावर चित्र उलटे उमटते. बटाट्याच्या जागी लाकडाची फळी घेतली की त्या खेळाचे नाव ‘वूडकट’ किंवा काष्ठमुद्रा होते. कोरण्याचीही यातायात न करता गुळगुळीत पत्र्यावर शाईनेच चित्र काढून ते कागदावर उतरवले, तर ते ‘मोनोटाइप’, म्हणजेच एकछाप चित्र. या दोन्ही प्रकारांना छापयंत्र लागत नाही. घरातल्या टेबलावर, रविवारच्या सुटीत, थोड्या खर्चात ते करता येतात. चित्रकलेची हौस असलेल्या शहरी मंडळींना त्यांची फारशी ओळख असू नये, हे नवल आहे.

नाशिक जिल्ह्याला छपाई नवी नाही. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस उभी राहिली, आणि तेव्हापासून देशाची टपाल तिकिटे व चलनी नोटा तेथे छापल्या जात आहेत. नव्या नोटेवरून बोट फिरवले की अक्षरे किंचित उठून लागतात. धातूच्या पत्र्यात खोल कोरलेल्या रेषेत शाई भरून ती प्रचंड दाबाने कागदावर खेचली, की असा उठाव येतो. काष्ठमुद्रेचा न्याय नेमका याच्या उलट. येथे शाई खोलात जात नाही, ती माथ्यावर बसते. त्यामुळे प्रचंड दाबाची गरज उरत नाही, हाताचा दाब पुरतो. हौशी माणसाच्या दृष्टीने सगळे महत्त्व या एका फरकाला आहे.

याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या डांगला चिकटून, सुरगाणा तालुका आहे. पूर्वी हे देशमुखांचे छोटे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. हतगडचा किल्ला, भिवतासचा धबधबा, पश्चिमेकडे गुजरातेत उतरणाऱ्या नद्या, दणकून पडणारा पाऊस आणि सागाचे रान अशी या भागाची ओळख. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची येथे मुख्य वस्ती. येथे कोणी छापचित्रांची परंपरा शोधू लागला, तर ती हाती लागणार नाही. परंतु छापचित्रासाठी जे आधी यावे लागते, ते येथे पिढ्यानपिढ्या आहे. लाकडावर उठावाचे कोरीव काम, हे ते.

वाघदेवाचे उदाहरण घ्यावे. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे शहरात जी वसुबारस म्हणून पाळली जाते त्याच तिथीच्या सुमारास, या डोंगरपट्ट्यात ‘वाघबारस’ होते. गुराख्यांचा आणि गावकऱ्यांचा हा सण. गुरांचे व माणसांचे रक्षण व्हावे म्हणून गावाच्या सीमेवरील वाघदेवाची पूजा केली जाते. हा वाघदेव म्हणजे लाकडाची जाड फळी, खांब किंवा दगड. त्यावर वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, काही ठिकाणी शेंदूर माखलेला असतो. आकृती अगदी मोजक्या असतात. वाघाचे अंग एका सपाट आकारात येते, पार्श्वभूमी खणून काढलेली असते, बारीकसारीक तपशिलाचा सोस नसतो. काष्ठमुद्रा शिकू पाहणाऱ्याला पहिल्या दिवशी जे सांगावे लागते, ते या फळीवर आयते दिसते. रेषा काढू नका, आकार ठेवा! बोहाड्यात नाचणाऱ्या सोंगांचे लाकडी मुखवटे हे याच हातांचे दुसरे काम. त्यासाठी वजनाला हलके लाकूड निवडले जाते, कारण मुखवटा घालून रात्रभर नाचायचे असते. कोणते झाड कशाला चालते आणि कशाला चालत नाही, याचे हे ज्ञान पुस्तकात नसते, हातात असते.

या कोरीव फळीला कधी शाई लागली नाही. लागण्याचे कारणही नव्हते, कारण छापाची गरज पडते ती एकच गोष्ट पुष्कळांपर्यंत पोहोचवायची असेल तेव्हा. वाघदेव ज्या सीमेवर उभा असतो, त्या सीमेचाच असतो. त्याची प्रत काढण्यात अर्थ नाही.

लाकडावरून कागदावर

प्रतींची गरज प्रथम चीनमध्ये धर्मग्रंथांना भासली. दुनहुआंगच्या गुंफेत सापडलेले आणि आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेले ‘वज्रसूत्र’ इ. स. ८६८ मध्ये लाकडी ठशांवरून छापले गेले. त्याच्या आरंभी बुद्धाचे चित्र आहे आणि त्यातील कोरणीची सफाई पाहता, ही कला तेव्हाही पोरवयात नव्हती हे उघड आहे. युरोपात आल्ब्रेख्त ड्यूररने १४९८ मध्ये ‘अपोकॅलिप्स’ची पंधरा काष्ठचित्रे प्रसिद्ध केली आणि या माध्यमाला थोरवी मिळवून दिली. जपानच्या होकुसाईची समुद्राची प्रचंड लाट साधारण १८३१ ची. आज ती चहाच्या कपांवरही दिसते. मात्र जपानी रिवाजात चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा आणि छापणारा तिसरा असे. हौशी कलावंताला जवळचा वाटावा असा प्रसंग घडला तो नंतर. १९०४ मध्ये यामामोतो कानाए या तरुणाने एका कोळ्याचे चित्र स्वतः रेखाटले, स्वतः कोरले आणि स्वतःच छापले. तिन्ही कामे एका हाताने करण्याचा हा आग्रह पुढे जपानमध्ये चळवळ झाला.

चीनमध्ये लेखक लू शुन याने १९३१ मध्ये शांघायला तरुण चित्रकारांसाठी काष्ठमुद्रेचा वर्ग भरवला. लाकूड स्वस्त, हत्यारे साधी, प्रती हव्या तितक्या, म्हणजे गरिबांच्या देशाला हे माध्यम सोयीचे, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३० च्या दांडीयात्रेवर केलेले काठी टेकत निघालेल्या गांधीजींचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ते लिनोलियमवर कोरलेले आहे. लाकडाऐवजी लिनोलियम, इतकाच फरक. बंगालमध्येच सोमनाथ होर यांनी १९४६ च्या तेभागा आंदोलनाच्या नोंदी केल्या आणि त्यांतून काष्ठचित्रे घडवली. चित्तप्रसाद मूळचे बंगालचे, पण १९४६ नंतरचा बहुतेक काळ मुंबईत अंधेरीला राहिले. कामाला जुंपलेल्या मुलांवरची त्यांची लिनोचित्रे युनिसेफच्या डॅनिश समितीने १९६९ मध्ये संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. मुंबईतल्या एका खोलीत, कोणत्याही मोठ्या यंत्राविना, काळ्या-पांढऱ्यात किती सांगता येते याचा तो दाखला आहे.

महाराष्ट्रातील ठशांची कथा याहून जुनी आहे आणि तिचा नायक चित्रकार नाही, तांबट आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने एका तांबटाला देवनागरी अक्षरे कोरण्याचे शिक्षण मिळाले. नाना फडणविसांच्या मनात गीता छापून घ्यायची होती. १८०० मध्ये नाना गेले आणि तो बेत तसाच राहिला. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता मिरजेत छापून निघाली. एकेक पान उलट्या अक्षरांत कोरणे म्हणजे काय, हे ज्याने देवनागरीतील चार शब्द लाकडात कोरून पाहिले आहेत, त्यालाच कळेल. काना डावीकडे जातो, वेलांटी फिरते, आणि शिरोरेषा तेवढी जागची हलत नाही!

दुसरे नाव गणपत कृष्णाजी यांचे. अमेरिकन मिशनचा शिळाछाप पाहून या मुंबईकर भंडारी गृहस्थाने स्वतःचे लाकडी यंत्र बनवले, दगडाचे तुकडे मिळवून त्यांवर प्रयोग केले, शाई घरी तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून काढले. त्यांचे तंत्र शिळाछापाचे होते, काष्ठमुद्रेचे नव्हे. परंतु शिकवायला कोणी नसताना, पाहून आणि चुकून शिकण्याची जी रीत आजच्या हौशी कलावंताला अवलंबावी लागते, ती मराठी मुलखात त्यांच्यापासून सुरू होते असे म्हणायला हरकत नाही.

कोणते लाकूड?

फळी दोन प्रकारे मिळते. झाडाच्या लांबीत उभी चिरलेली, जिच्यावर धागे लांब दिसतात ती एक. आणि खोडाचा आडवा छेद घेतलेली, जिच्यावर धाग्यांची टोके असतात ती दुसरी. पहिलीवर ‘वूडकट’ होते. दुसरीवर अतिशय बारीक काम होते आणि त्याला ‘वूड एन्ग्रेव्हिंग’ म्हणतात. इंग्लंडच्या टॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नावारूपाला आणले. त्यासाठी बॉक्सवूडसारखे अतिघट्ट लाकूड आणि वेगळी हत्यारे लागतात. सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

सुरगाण्याच्या रानातील लाकडांची या दृष्टीने पारख केली तर गंमत दिसते. सर्वांत नावाजलेला साग हा कोरायला तितकासा सोपा नाही. त्याचे धागे भरड, त्यात तेल असते आणि त्यातील वाळूसारख्या कणांमुळे हत्याराची धार लवकर उतरते. पण तो पाण्याने फुगत नाही, वाकत नाही, म्हणूनच गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर कापडछपाईचे ठसे सागाचे करतात. शिवाय सागाच्या पृष्ठभागावरील रेषा शाईत सुंदर उमटतात. आभाळ किंवा पाणी दाखवायचे असेल तर काही न कोरता नुसती फळी छापावी, काम होते. जपानी कलावंतांनी आणि नॉर्वेच्या एडव्हर्ड मुंकने हा लाकडाचा मूळ पोत मुद्दाम चित्रात आणला.

शिवण हे हौशी माणसाचे खरे मित्र. फिकट पिवळसर, मऊ, सरळ धाग्याचे आणि वाळल्यावर न तडकणारे. ढोलकासारखी वाद्ये आणि कोरीव वस्तू यांसाठी ते वापरले जाते, ते उगाच नव्हे. हळदूचा पोत त्याहूनही एकसारखा; पूर्वी त्याच्या फण्या आणि गिरणीतील बॉबिनी बनत. बारीक रेषा धरून ठेवायला हळदू चांगला. खैराच्या नादी लागू नये, तो हाताला दाद देत नाही. सावर याच्या उलट इतकी मऊ, की कड उभी राहत नाही, चुरा होतो. मुखवट्याला जे लाकूड उत्तम, ते ठशाला टाकाऊ ठरते ते असे.

यातले काहीही रानातून तोडून आणायचे नाही, हे सांगण्याची गरज पडू नये. राज्यात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ पासून आहे. शिवाय ओले लाकूड ठशाच्या कामाचे नसते. नाशिक, पुणे, ठाणे येथील लाकडाच्या वखारींत आणि सुतारांच्या कारखान्यांत वाळलेल्या लाकडाचे तुकडे पडलेले असतात. तळहाताएवढा तुकडा पहिल्या दहा चित्रांना पुरे. जुन्या दारा-खिडक्यांचा साग मिळाला तर उत्तम, मात्र आत राहिलेला खिळा शोधून काढावा, नाहीतर पटाशीचे टोक गेलेच समजा. काहीच न मिळाल्यास चांगल्या प्रतीचे प्लायवूड घ्यावे. एमडीएफला धागेच नसल्याने ते कोणत्याही दिशेने कोरता येते, पण त्याची बारीक धूळ छातीला वाईट आणि त्याच्या छापाला चेहरा नसतो.

हत्यारे आणि हात

सुताराकडची पटाशी जाड असते. तिने मोठा मोकळा भाग काढता येतो. तिच्याखेरीज टोकाशी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे एक आणि ‘यू’सारखे लहान-मोठे दोन अशी हत्यारे घेतली की काम भागते. शहरातील चित्रसाहित्याच्या दुकानांत लिनोकटचा स्वस्त संच मिळतो. तो लिनोलियमला ठीक, लाकडाला लवकर हार जातो. महाग संच घेण्यापेक्षा एक बरा धारेचा दगड घ्यावा. बोथट हत्यारच हाताला लागते, धारदार नव्हे, ही सुतारांची समजूत खरी आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर सुटला की ती कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून दुसरा हात कधीही पटाशीच्या पुढे ठेवू नये आणि फळी टेबलाला शिकंजाने आवळून घ्यावी. पहिल्या आठवड्यात बोट कापून घेतलेले पुष्कळ हौशी कलावंत दुसऱ्या आठवड्यात छंद सोडतात.

फळी पॉलिशपेपरने घासून घ्यावी, तिच्यावर पातळ काळी शाई फिरवून वाळवावी आणि मग खडूने चित्र काढावे. आता जेथे जेथे कोराल तेथे लाकडाचा फिकट रंग दिसेल आणि छाप कसा येईल याचा अंदाज आधीच येत जाईल. नवख्याची सर्वांत मोठी अडचण येथेच असते. कागदावर चित्र काढताना पांढऱ्यात काळे भरायचे असते, लाकडात काळ्यातून पांढरे बाहेर काढायचे असते. वारली चित्र पाहिलेल्या डोळ्यांना हे लवकर उमगावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती आकृतीही अंधारावर उजेड ठेवतच घडते. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी आयुष्यभर त्या दोनच रंगांत काम केले आणि त्यांना तिसऱ्याची उणीव भासल्याचे त्यांच्या चित्रांतून कुठे जाणवत नाही.

कोरताना धाग्यांच्या दिशेने पटाशी सहज धावते, आडवी गेली की अडखळते, आणि चुकीच्या बाजूने गेली तर हवी असलेली रेषाच उचलून आणते. उडालेली रेषा डिंकाने चिकटवण्याची खटपट करता येते. पण बहुतेकदा चित्रातच बदल करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

शाईसाठी छापखान्याची ऑफसेटची काळी शाई उत्तम. एक डबा वर्षानुवर्षे पुरतो. जाड काचेवर ती रबरी रोलरने पातळ पसरवावी. रोलर काचेवर फिरताना चुरचुर असा बारीक आवाज येऊ लागला की शाई योग्य झाली. चिकट, ओला आवाज आला तर ती जास्त आहे. कागद पातळ आणि चिवट हवा. नेपाळी हातकागद किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा पातळ कागद चांगला. फळीवर कागद ठेवून मागून घासायचे. जपानी लोक यासाठी बांबूच्या सालपटात गुंडाळलेली ‘बारेन’ नावाची चकती वापरतात. आपल्याकडे लाकडी पळीची पाठ किंवा स्टीलच्या वाटीचे बूड तेच काम करते. मध्यापासून कडेकडे, गोल गोल घासत जावे. एक कोपरा हलकेच उचलून पाहावा, फिकट असेल तर पुन्हा ठेवून घासावे. पहिला छाप कधीच चांगला येत नाही. तिसऱ्या-चौथ्या छापाला लाकूड शाई ‘धरते’.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब बदलतो. कोकणात, मुंबईत किंवा सुरगाण्यासारख्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवेतच इतके पाणी असते की पातळ फळी एका बाजूने वाकते, तेलाची शाई कित्येक दिवस ओली राहते आणि एकावर एक ठेवलेल्या छापांना बुरशी धरते. दोरीवर चिमट्याने छाप टांगावेत, फळ्या उभ्या ठेवाव्यात आणि रंगाच्या दुसऱ्या थराची घाई करू नये. पावसाळा हा कोरण्याचा काळ आणि दिवाळीनंतरचा कोरडा थंड महिना हा छापण्याचा, अशी वाटणी केली तर मनस्ताप वाचतो.

रंगीत छापासाठी प्रत्येक रंगाला वेगळी फळी लागते. याला एक आडवाट आहे. पिकासोने १९५९ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये तिचा भरपूर वापर केला. एकच फळी घ्यायची, थोडी कोरून फिका रंग सर्व कागदांवर छापायचा, मग तीच फळी आणखी कोरून त्यावर गडद रंग छापायचा, असे करत जायचे. शेवटी फळीवर फार थोडे उरते आणि आधीचा छाप पुन्हा काढणे अशक्य होते. किती प्रती हव्यात हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. या पद्धतीला छापकार गमतीने ‘आत्मघातकी’ म्हणतात.

एकदाच उमटणारे चित्र

मोनोटाइपमध्ये कोरणे नाही, त्यामुळे पुनरावृत्तीही नाही. जेनोआच्या जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने याने सतराव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार हाताळला. काळ्या शाईने माखलेल्या पत्र्यावरून कापडाने आणि काडीने शाई पुसत पुसत तो उजेड काढी. पुढे दोनशे वर्षे फार थोड्यांनी त्याकडे लक्ष दिले. १८७० नंतरच्या दशकाच्या मध्यात एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराला त्याचे अक्षरशः वेड लागले. त्याने तीनशेहून अधिक मोनोटाइप केले. पत्र्यावर उरलेल्या शाईचा दुसरा, फिकट छाप काढायचा आणि त्यावर पेस्टलने रंगवायचे, ही त्याची युक्ती. त्याच्या कित्येक नर्तकींखाली असा एक पुसट छाप दडलेला आहे.

घरी करायला मोनोटाइपइतके सोपे काही नाही. कडा घासून बोथट केलेली काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, थोडी शाई, चिंधी, कापसाची काडी, जुना ब्रश एवढ्यावर काम सुरू होते. काच पूर्ण काळी करून पुसत जावे, किंवा कोऱ्या काचेवर ब्रशने चित्र काढावे. तिसरी रीत पॉल गोगँने ताहितीतील अखेरच्या वर्षांत वापरलेली. शाई लावलेल्या पृष्ठभागावर कागद अलगद ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलने चित्र काढायचे. जेथे पेन्सिल दाबली गेली तेथे खालून शाई चिकटते. रेषा मऊ, किंचित फिसकटलेली येते आणि बोटांच्या नकळत झालेल्या स्पर्शाचे डागही येतात. ते डाग काढून टाकण्याच्या फंदात पडू नये. चित्राला जीव त्यांनीच येतो.

पानांचे छाप हा याचाच भाऊ. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवहीतही पानाचा एक छाप आहे. सागाचे पान यासाठी नामी. आकाराने सुपाएवढे, खरखरीत आणि पाठीच्या शिरा ठसठशीत. ताजे पान जड वहीत एक रात्र दाबून ठेवावे, शिरांच्या बाजूने हलकी शाई लावावी आणि कागद ठेवून घासावे. नदीच्या खोऱ्याचा नकाशाच उमटल्यासारखा भास होतो. सागाचे कोवळे पान चुरगाळले तर हात लाल होतात हे रानातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मोहात पडून कोणी तो रंग छापाला वापरून पाहील. पाहावे, पण त्याला शाई समजू नये. आश्रमशाळांत जेथे रंगपेटी हीही चैन असते, तेथे एक काच, एक रोलर आणि आवारातील पाने एवढ्यावर वर्षभराचा चित्रकलेचा तास निघू शकतो. भेंडीच्या ठशापुढचे हे पाऊल शालेय चित्रकलेने अजून सर्वत्र टाकलेले नाही, हे मात्र खरे.

आकडा आणि सही

छापचित्र विकत घेणारा आणि करणारा या दोघांचीही गफलत होते ती ‘प्रिंट’ या शब्दामुळे. तैलचित्राचा फोटो काढून यंत्रावर काढलेली रंगीत प्रत हीही बाजारात प्रिंटच, आणि कलावंताने स्वतः फळी कोरून हाताने घासलेला छाप हाही प्रिंटच. पहिली ही कुठल्या तरी मूळ चित्राची प्रतिकृती असते. दुसऱ्याचे वेगळे मूळ नसते, प्रत्येक छाप हेच मूळ. म्हणूनच छापाखाली डावीकडे पेन्सिलने ३/१५ असे लिहितात. पंधरा प्रती काढल्या, त्यातील ही तिसरी. मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. मोनोटाइपवर १/१ असते. हौशी माणसाने विकायचे नसले तरी ही शिस्त पहिल्यापासून लावून घ्यावी. पंधरा लिहून सोळावी काढणे ही सरळ फसवणूक आहे, मग ती मित्राला भेट द्यायला का असेना. ठरलेल्या प्रती निघाल्या की फळीवर आडवी रेघ कोरून ती बाद करण्याचा जुना रिवाज आहे. तो जिवावर येतो, आणि पुष्कळजण फळी तशीच भिंतीवर टांगतात.

याहून नाजूक प्रश्न विषयाचा आहे. आदिवासी भागात चार दिवस फिरून आलेल्या शहरी माणसाला वाघदेव, तारपा, लग्नाचा चौक हे सारे विलक्षण ‘ग्राफिक’ दिसते, आणि परतल्यावर पहिली फळी त्याचीच कोरली जाते. वारली आकृतींचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. पिशव्या, साड्या, हॉटेलांच्या भिंती, सगळीकडे त्या नाचतात, आणि ज्यांच्या घरात लग्नाच्या वेळी तो चौक लिहिला जातो त्यांच्या हाती त्यातले फार थोडे पोहोचते. वाघदेव तर पूजेतला देव आहे. शेंदूर लावलेल्या फळीवर शाईचा रोलर फिरवून छाप घेण्याची कल्पना कितीही कलात्मक वाटली तरी ती करू नये. विचारल्याशिवाय त्याची नक्कलही करू नये. त्या कोरणीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आकाराचा मोजकेपणा, मोकळी जागा खणण्याचे धाडस, लाकडाच्या अंगाने जाण्याची सवय, हे सगळे घ्यावे. ते घेण्याला कोणाची हरकत असणार नाही. चित्र मात्र स्वतःच्या गल्लीचे काढावे. चाळीच्या जिन्यातील सायकल, गॅलरीतील तुळस, सकाळच्या लोकलचा दरवाजा यांनाही काळे-पांढरे अंग असतेच.

प्रत्यक्ष शिकायचे असेल तर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात मुद्राचित्रणाचा विभाग आहे. विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शने सर्वांना पाहता येतात आणि तेथे छाप अगदी जवळून, काचेविना पाहायला मिळतो. ते महत्त्वाचे. पडद्यावर पाहिलेल्या छापात शाईची जाडी, कागदात उमटलेला दाब आणि फळीच्या रेषा दिसत नाहीत. छाप हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरावा आणि नंतर उलटून मागची बाजू पाहावी. घासल्याने कागदाला आलेली चकाकी आणि आरपार डोकावणारी शाई तेथे दिसते, आणि कोणत्या जागी हात कमी पडला तेही.